दोन शब्दांचा राजा आणि राहीची बाग

एक होता राजा. आता राजा म्हटलं की हत्ती, घोडे, वाडा, शिपाई हे सगळं आलंच. ते सगळं त्याच्याकडे होतं. पण हा राजा होता भलताच कंजूष. पैशाअडक्याचा नव्हे हं, शब्दांचा! एका वेळी तोंडातून दोनच शब्द काढायचा. तिसरा म्हणून नाही. भूक लागली की "जेवण वाढा." उकडलं की "वारा घाला." राणीवर फारच माया दाटून आली तरी "बरी आहेस." झालं, संपलं! राणी बिचारी तेवढ्यावरच दिवसभर खूष असायची.

आणि जसा बोलायला कंजूष, तसाच ऐकायलाही. समोरच्याचं अर्धं ऐकायचा, दोन शब्द टाकायचा आणि घोड्याला टाच मारायचा. हसतोस काय नानू? तू तरी दुसरं काय करतोस? "पाय धुऊन" एवढं ऐकतोस आणि "घरात ये" म्हणेपर्यंत आत!

तर त्या राजाची नदीकाठी होती एक बाग. फुलांची नव्हे, भाज्यांची. तिचा माळी सोमाजी. सोमाजीच्या आज्यानं तिथली विहीर खणली, बापानं बांध घातले, आणि सोमाजीनं त्या मातीचं एकेक ढेकूळ हातानं फोडून ती मऊ केली. पाऊस परतला, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की तो वाफे बांधायला घ्यायचा. वांगी, घेवडा, मटार, गाजरं, मुळे, मेथी, कांद्याची पात. हे सगळं भरात यायचं ते नेमकं भोगीला.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, बरं का. त्या दिवशी सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या, वर तिळाचा कूट घालायचा, सोबत बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. त्या गावची रीत अशी, की राजाच्या अंगणात एक भली मोठी हंडी चढायची आणि तिच्यातला वाटा घरोघर जायचा. कारण म्हणतात ना, जो न खाई भोगी तो सदा रोगी!

मग एका वर्षी काय झालं, सोमाजी सकाळी बागेत जाऊन बघतो तर पानांची नुसती चाळण झालेली. तो धावत सुटला आणि घोड्यावरच्या राजाला म्हणाला, "महाराज, अळी आली! बागेत अळी आली!"

अळी म्हणजे पानं खाणारी, ती लांबट हिरवी. पण राजानं ऐकलं आळी! कुंभारआळी, तांबटआळी असते ना, ती आळी. त्याला वाटलं, गावातली अख्खी आळीच्या आळी आपल्याला भेटायला आलीय. म्हणाला, "सतरंज्या घाला!" आणि गेला. शिपाई हुकमाचे ताबेदार. त्यांनी वाफ्यांवर सतरंज्या अंथरल्या! अळीनं ठेवलं होतं तेवढंही सतरंजीखाली चेपून गेलं.

दुसऱ्या वर्षी पानांमागे काळी बारीक कीड चिकटली. तिला म्हणतात मावा. सोमाजी पुन्हा धावला. "महाराज, मावा पडलाय, मावा!" राजाला आठवला हलवायाकडचा मावा, तो खव्याचा, गोड गोड. तोंडाला पाणी सुटलं. म्हणाला, "पेढे वळा!" हलवाई कढई घेऊन बागेत आला, तीन दगडांची चूल मांडली आणि संध्याकाळपर्यंत मावा कुठाय, मावा कुठाय करत बसला. तोवर किडीनं घेवडा शोषून घेतला.

तिसऱ्या वर्षी पानांवर पांढरी भुकटी धरली. तो रोग. त्याला म्हणतात भुरी. आणि राजाच्या गोठ्यात कोण होती? भुरी नावाची म्हैस! ती दोन दिवसांपासून हरवली होती. सोमाजी ओरडतोय, "महाराज, बागेत भुरी आली!" आणि राजा खूष होऊन म्हणतोय, "दूध काढा!" पाच गवळी पाच चरव्या घेऊन बागभर म्हैस शोधत हिंडले. मटाराचा चिखल झाला.

सोमाजी सांगायचा प्रयत्न करायचा, नाही असं नाही. पण तो "अहो महाराज" म्हणेपर्यंत घोडा वेशीबाहेर.

तीन भोग्या हंडी रिकामी. गाव आजारलं. कोणाचा खोकला जाईना, कोणाचे गुडघे धरले, आणि खुद्द राजाच्या पोटात दिवसरात्र गुडगुड. राजा संतापला. सोमाजीला बोलावून म्हणाला, "बाग सोडा!" मग प्रधानानं मध्ये पडून एवढीच सवलत मिळवली, की येत्या भोगीला हंडी भरली तर भरली, नाहीतर संक्रांतीच्या सकाळी सोमाजीनं घर, विहीर, बाग सोडून चालतं व्हायचं.

सोमाजीनं बाजेवर अंग टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बागेकडे बघेना की कोणाशी बोलेना. ज्या मातीत तीन पिढ्या राबल्या, ती आपल्या हातून जाणार, या विचारानं तो खचला हो.

आता आपली राही येते! ऐका नीट. शमे, उशी सोड.

राही म्हणजे सोमाजीची सून. त्याच वर्षी दसऱ्याला लग्न होऊन आली. हसरी, चपळ, हाताला माती लागली नाही तर जेवण गोड न लागणारी. तिचं माहेर पार सात डोंगरांपलीकडे. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, मग सात डोंगरांनी काय होत असेल! सासरी ज्याला कालवण म्हणत त्याला तिच्याकडे म्हणत कोरड्यास. तिला कोणी काही सांगावं आणि तिनं काही भलतंच आणून द्यावं, असं रोज एकदा तरी व्हायचं. घरात हसू व्हायचं ते तेवढ्यापुरतं.

नवरा दिवसभर मोटेवर. बैल हाकताना असा मोठ्यानं गायचा, की त्याला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. मग राहीनंच पदर खोचला. बाजेपाशी जाऊन म्हणाली, "मामंजी, बी कुठं ठेवलंय?"

सोमाजीनं नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात एक गाडगं होतं. राहीनं हात घातला तर आत मऊ गार राख, आणि राखेत बी! तिला माहेरची आठवण झाली. तिची आईसुद्धा बी राखेतच ठेवायची, म्हणजे किडा लागत नाही. राही मनात म्हणाली, चला, इथलं काहीतरी ओळखीचं निघालं.

मग तिनं वाफे बांधले. मग बी टाकलं. मग पाणी सोडलं. आणि मग काय सांगू, तिसऱ्या दिवशी मेथी वर! राही तांबडं फुटताच धावत जायची आणि ओणवी होऊन बघायची. आज मुळा वर आला! आज मटाराला दोन पानं! आज घेवड्यानं मान काढली! ती घरी येऊन भिंतीकडे तोंड केलेल्या सासऱ्याला रोज सगळं सांगायची. सोमाजी हूं की चूं करायचा नाही, पण त्याचे कान तिच्याकडे असायचे, हे तिला कळायचं.

दिवाळी झाली. रोपं वीतभर झाली. आणि एका संध्याकाळी टापांचा आवाज आला. राजा! त्यानं ती हिरवी बाग पाहिली, त्याच्या पोटातली गुडगुड क्षणभर थांबली. त्यानं राहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाग राख!"

आणि टाच मारून गेला.

आता तुम्हांला मला कळलं, राजाला काय म्हणायचं होतं. बाग राख, म्हणजे बागेची राखण कर, सांभाळ. पण राहीच्या माहेरी सांभाळ म्हणायचं तर 'जप' म्हणत, 'जतन कर' म्हणत. राख म्हणजे चुलीतली राख, दुसरी राख तिला ठाऊकच नव्हती! ती विचारात पडली. बाग, राख. बागेला राख? कोवळ्या पानांवर राख? मग तिला आठवलं, बी नव्हतं का राखेत? राजा एवढा मोठा, त्याला ठाऊक असणारच. हुकूम तो हुकूम!

घरच्या चुलीत राख किती? सूपभर. बाग केवढी! मग राही टोपली घेऊन निघाली. पहिल्यांदा गेली कुंभारणीकडे. कुंभारीण म्हणाली, "अगं, राख दिली तर मी भांडी कशानं घासू?" राही म्हणाली, "मावशी, राजाचा हुकूम आहे." कुंभारणीनं मडकी भाजायच्या आव्यातली टोपलीभर दिली. मग गेली हलवायाकडे. हलवाई म्हणाला, "राख हवी ना? मावा नको ना? मग हवी तेवढी ने बाई!" आणि मग, ऐका हं, राही सरळ राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेली. तिथं स्वतः राणी. राणी म्हणाली, "महाराज असं म्हणाले? खरंच? मी विचारलं असतं, पण दोनच शब्दांत काय उलगडा होणार. घे, घे." असं करत करत राहीनं गावातल्या एकूणएक चुलीतली राख आणली. चार दिवस गावातली भांडी वाळूनं घासली गेली आणि बायका कुरकुरल्या, ते वेगळंच.

मग तिनं राख चाळली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली. आणि पहाटे, पानांवर दव असताना, वाफ्यावाफ्यातून फडकं झटकत गेली. फट् फट् फट्! दवावर राख अशी बसली म्हणता! सूर्य वर आला तेव्हा हिरवी बाग नाही, करडी बाग होती. एकही पान हिरवं दिसेना.

मोटेवरचं गाणं एकदम थांबलं. ते थांबलं म्हणून सोमाजीनं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड फिरवलं. दारातून त्याला बाग दिसली.

"आगं पोरी, काय केलंस हे!"

"राख घातली, मामंजी. महाराज म्हणाले, बाग राख."

"आगं, राख म्हंजे सांभाळ! राखन कर! तू तर माज्या बागंची राखरांगोळी केलीस की गं!"

राहीच्या हातातून फडकं गळून पडलं. आपल्या एका शब्दाच्या चुकीनं या घराचं घर जाणार! म्हाताऱ्याला या वयात डोक्यावर बोचकं घेऊन वेशीबाहेर जावं लागणार. ती रडतरडतच विहिरीकडे धावली. घागर भरली. धुऊन टाकते, पान न् पान धुऊन टाकते. ती घागर कमरेवर घेऊन वाफ्यापाशी पोचली, पहिलं पान धुणार, एवढ्यात...

सळसळ, सळसळ, सळसळ!

सात माळांपलीकडच्या कीडगावाहून अळीराणी आली होती! कासऱ्याएवढी लांब, अंगावर हिरवी पैठणी, मागे सातशे लेकी. तीन वर्षांपूर्वीची मेजवानी तिच्या लक्षात होती. राही घागर धरून तशीच उभी राहिली. अळीराणी ऐटीत मेथीवर चढली. आणि राख तिच्या पोटाला लागली. "ई! ई! गुदगुल्या! अगं, खरखरतंय!" ती घसरली, ती बदकन खाली. लेकी चढल्या, त्याही बदबद बदबद खाली. सातशेच्या सातशे! सगळ्यांची मऊ पोटं राखेनं कोरडीठाक झाली. "चला गं, इथलं जेवण बोचतं!" म्हणत सगळी वरात वळली.

राहीनं घागर खाली ठेवली. हळूच ठेवली, कोणाला चाहूल लागू नये म्हणून.

दुपारी ऊन चढलं आणि बागेवर काळं आभाळ आलं. आभाळ कसलं, मावा! लाखो बारीक काळे जीव, गुंई गुंई करत घेवड्यावर उतरले. आता शोषणार, आता शोषणार, राहीनं डोळे घट्ट मिटले. आणि तिला ऐकू आलं, आक्छी! मग आणखी एक, आक्छी! मग लाख शिंका एकदम! तुम्ही द्या बघू एक. अरे, एवढ्यानंही खाट हलली, मग लाख शिंकांनी काय झालं असेल? मावा जो उडाला तो थेट नदीपलीकडे जाऊन पडला. अजून नाक पुसत बसला असेल.

आणि दिवे लागायच्या वेळी बांधावरून कोण आलं? ठेंगणी, पांढऱ्या केसांची, काखेत पिठाची परडी घेतलेली म्हातारी. भुरी! ती पानापानावर पिठाची चिमूट टाकायची आणि पान आजारी पडायचं. ना तिला गुदगुल्या, ना तिला शिंका. राहीला वाटलं, आता संपलं. सोमाजी दाराची चौकट धरून उभा. भुरीनं पहिल्या वाफ्यात डोकावून पाहिलं. डोळे बारीक केले. दुसऱ्या वाफ्यात पाहिलं. सगळी पानं आधीच पांढुरकी!

"अगंबाई," भुरी स्वतःशीच म्हणाली, "इथं मी येऊन गेले वाटतं! वय झालं, मेलं काही आठवतच नाही." आणि परडी सावरत आल्या पावली परत!

सोमाजीला आधी काही कळेना. मग कळलं. मग तो हसायला लागला. तीन वर्षांनी पहिल्यांदा! असा हसला, असा हसला, की चौकट सोडून खालीच बसला. मग उठला, पायऱ्या उतरला आणि थेट वाफ्यात येऊन राहीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "पोरी, राख तेवढी जपून टाकायची. पानाला चिमूट आन् पानी मुळाला. चल, मी दावतो."

मग काय विचारता! सून आणि सासरा रोज पहाटे बागेत. आणि बाग अशी इरेला पेटली म्हणता! ज्या चुलीची राख, तिचा गुण त्या वाफ्याला. कुंभारणीची राख पडली होती वांग्यांना, तर वांगी झाली मडक्याएवढी गोल. हलवायाची पडली होती गाजरांना, ती अशी गोड की मुंग्या रांग लावून आल्या. आणि राणीकडची पडली होती मटाराला. शेंग फोडली की आत मोत्यांची माळ! मुळे तर इतके लांब, की उपटताना राही, तिचा नवरा आणि दोन्ही बैल लागले.

भोगी उजाडली. अंगणात हंडी चढली. रिकामी राहायची तिला सवय, पण आज झाकण बसेना! तिळाचा घमघमाट वेशीपर्यंत गेला. घरोघर वाटा गेला. खोकले थांबले, गुडघे सुटले. राजानं पहिला घास घेतला. पोटातली गुडगुड गप्प! तो म्हणाला, "आणखी वाढा!" मग पुन्हा म्हणाला, "आणखी वाढा!" तीन भाकऱ्या झाल्यावर त्यानं राहीकडे बघून विचारलं, "कशी राखलीस?"

राही म्हणाली, "राखेनं राखली, महाराज. तुम्हीच म्हणालात ना, बाग राख?"

राजानं सवयीनं दाराकडे पाहिलं. आज घोडा बाहेर बांधलेला होता, त्यामुळे पळायची सोय नव्हती. मग राहीनं त्याला सगळं सांगितलं. अळी म्हणजे काय, मावा म्हणजे काय, भुरी कोण, आणि सतरंज्यांखाली काय चेपलं गेलं. राजानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा गाजरासारखा लाल झाला. सोमाजी तीनदा धावत आला होता, आणि आपण तीनदा नुसतं एवढंच विचारायला हवं होतं, "म्हणजे काय?" दोनच तर शब्द. आपल्याला परवडण्यासारखे! तेही आपल्याच्यानं झाले नाहीत.

राहीनंही विचारलं नव्हतं म्हणा. पण तिची चूक बागेला लागू पडली आणि राजाच्या चुका बागेच्या मुळावर उठल्या. दैव असतं एकेकाचं.

मग राजा पाटावरून उठला. पंगतीच्या टोकाला सोमाजी बसला होता, खाली मान घालून. तीन वर्षं हीच मान खाली होती. राजा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. सगळी पंगत घास हातात धरून थांबली. राजाचे ओठ हलले, पुन्हा मिटले. फार जड जात होतं त्याला. मग तो म्हणाला,

"सोमाजी, मी चुकलो."

मोजा बरं बोटांवर. सोमाजी, मी, चुकलो. तीन! राणीच्या हातातली पळी खाली पडली. प्रधानानं दोनदा मोजून पाहिलं. आणि सोमाजीनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बाग सोमाजीकडे राहिली, त्याच्या नातवंडांकडे राहिली. दरवर्षी दिवाळी झाली की गावातल्या बाया आपापल्या चुलीची राख बागेच्या बांधावर आणून ठेवू लागल्या, अगदी राणीसुद्धा. राही सासरच्या बोलीत पक्की झाली, पण एखादा शब्द अडला की राजालासुद्धा विचारायची, "म्हणजे काय?" आणि राजा घोडा थांबवून, चांगले दहा-बारा शब्द खर्च करून सांगायचा. अशी भरली त्यांची हंडी, तशी तुमची माझी भरो.

नानू झोपला वाटतं. शमे, पाय आत घे बाई, गारठा आहे. माझे शब्द काही त्या राजासारखे मोजके नाहीत, पण आजचे संपत आले. दोनच उरलेत.

झोपा आता.